फ्लॉरेन्समधील राजाराम महाराजांची छत्री: वयस्कर वडिलांना घेऊन कसे जावे?

प्रश्न
पुढच्या महिन्यात आम्ही इटलीला जात असून फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस हाताशी आहे. माझे वडील कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे माजी विद्यार्थी. ज्यांचे नाव त्या कॉलेजला आहे, त्या महाराजांची छत्री आर्नो नदीकाठच्या कास्चिने उद्यानात आहे, तेव्हा एखादे संग्रहालय राहिले तरी चालेल, पण तिथे माथा टेकल्याशिवाय परतायचे नाही, असे त्यांनी आम्हाला निक्षून सांगितले आहे. त्यांचे वय ७४ आहे आणि गुडघे दुखतात. चालणे किती पडेल?

उत्तर (फ्लॉरेन्समध्ये राहणारी)
जरूर जा, मात्र ट्रामच्या भरवशावर राहू नका. टी-१ ट्राम स्टेशनपासून कास्चिनेच्या थांब्यापर्यंत येते खरी, पण तो थांबा उद्यानाच्या पूर्व टोकाला आहे आणि छत्री अगदी पश्चिम टोकाला, त्यामुळे झाडीतून अडीच-तीन किलोमीटर चालावे लागते. वडिलांसाठी टॅक्सीच करा आणि चालकाला ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’ एवढेच सांगा. शेजारच्या पुलालाही इथले लोक ‘इंदियानो’चाच पूल म्हणतात. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा बाजार भरतो, तो दिवस टाळा. छत्रीभोवती लोखंडी कठडा असल्याने हार घालता येणार नाही, परंतु पगडी आणि दागिन्यांसह रंगवलेला महाराजांचा अर्धपुतळा बाहेरूनही स्पष्ट दिसतो.

उत्तर (इतिहासाचे निवृत्त शिक्षक)
नावावरून अनेकांचा घोटाळा होतो, म्हणून लिहितो. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम नव्हेत, तर १८६६ साली कोल्हापूरच्या गादीवर आलेले राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये अवघ्या विसाव्या वर्षी वारले. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात विशेष परवानगी मिळवून, मुन्योने नदी आर्नोला मिळते त्या संगमावर सोबतच्या मंडळींनी त्यांना अग्नी दिला. छत्री १८७४ ची. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला त्यांचाच. वडिलांना हे आवर्जून सांगा. आणि छत्री पाहून लगेच मागे फिरू नका. चार पावले पुढे जाऊन संगम पाहा, कारण परक्या मुलुखात आपल्या माणसांनी राजाच्या अंत्यविधीसाठी नदीच शोधली, ही गोष्ट त्या काठावर उभे राहिल्यावर जशी मनाला भिडते तशी नुसत्या पुतळ्यासमोर भिडत नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. बुधवारी सकाळी टॅक्सीने जाण्याचे ठरवले आहे. नव्या राजवाड्याचा संबंध वडिलांना ठाऊक नव्हता. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतले आणि आता पंचगंगेचे पाणी छोट्या बाटलीत सोबत घ्यायचे म्हणत आहेत. कठड्याबाहेर, संगमाच्या काठावर ते सोडू.