मदत हवी आहे: मुंबई बंदराच्या रेल्वेमार्गावरील शंटिंग इंजिने कुठून दिसतील?

मी सोलापूरला राहतो आणि डब्ल्यूडीएस-६ या शंटिंग, म्हणजे वाघिणी इकडून तिकडे हलवणाऱ्या, डिझेल इंजिनांच्या नोंदी ठेवतो. जवळच्या होटगीच्या सिमेंट साइडिंगबाहेर (माल चढवण्या-उतरवण्याच्या रुळांबाहेर) चार रविवार थांबलो. सहा सिलिंडरची ती ओळखीची धडधड स्पष्ट ऐकू आली, पण भिंतीवरून केवळ धूर आणि टप दिसला. शंटिंगच्या फेऱ्या वेळापत्रकात नसतात, त्यामुळे तेथेही काही हाती लागले नाही.

आता १९१५ साली सुरू झालेला मुंबई बंदराचा रेल्वेमार्ग पाहण्यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेसने सकाळी पोहोचून त्याच रात्री परतायचे आहे. बंदराच्या प्रतिबंधित आवारात जायचे नाही, छायाचित्रेही नकोत; दुर्बीण आणि वही पुरे. वडाळ्याच्या बाजूला कोणत्या सार्वजनिक पुलावरून किंवा रस्त्यावरून केबिनवरचा इंजिनक्रमांक वाचता येईल, आणि वाघिणींची हलवाहलव साधारण किती वाजता होते?