मंडालेची सहल: आत्ता जावं का?

राजारामपुरीकर
आमच्या वाचनमंडळाची यंदाची सहल ब्रह्मदेशाला, म्हणजे म्यानमारला, न्यायचं घाटतंय. यांगोन, बगान आणि मंडाले. लोकमान्य 1908 ते 1914 जिथं कैदेत होते, 'गीतारहस्य' जिथं लिहिलं, ते गाव बघायचं म्हणून सगळे हरखलेत. माझा मात्र विरोध आहे आणि तो इथं सविस्तर मांडतो.

1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्करानं तिथलं निवडून आलेलं सरकार उलथवलं. गावांवर विमानातून बाँब टाकणं तेव्हापासून चालू आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सक्तीची लष्करभरती लागू केली: 18 ते 35 वयाचे पुरुष, 18 ते 27 वयाच्या स्त्रिया. पोरं सीमा ओलांडून थायलंडात पळतायत. डिसेंबर 2025 मध्ये जी निवडणूक सुरू झाली, तिच्यात उलथवलेल्या सरकारच्या नेत्या आँग सान सू ची यांचा पक्ष नव्हताच. तो 2023 मध्येच मोडीत काढला होता.

आणि मंडालेचा किल्ला? 1996 हे 'पर्यटन वर्ष' म्हणून साजरं करायचं होतं, तेव्हा त्याचा खंदक कैद्यांकडून आणि वेठबिगारीनं साफ करून घेतला होता. आत आजही लष्कराचा तळ आहे. परदेशी माणसाला पूर्वेच्या दरवाजानं आत घेतात, ठरलेल्या रस्त्यानं राजवाड्यापर्यंत नेतात आणि परत आणून सोडतात. लोकमान्यांच्या तुरुंगवासाची आठवण काढायला जायचं आणि आजच्या तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती व्हिसाची फी ठेवायची, हे मला पटत नाही.

पंचगंगाकाठ
काका, राजवटीबद्दल तुम्ही लिहिलंय त्यातला शब्दही मी खोडत नाही. पण तिथल्या माणसाचं काय? ऑगस्ट 2019 आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. पाणी ओसरलं, रस्ता सुरू झाला, तरी 'कोल्हापूर बुडालंय' एवढंच लोकांच्या डोक्यात राहिलं. माझ्या मेव्हण्याचं देवळाजवळचं लॉज नवरात्रापर्यंत ओस होतं. मदतीची पाकिटं आली, गिऱ्हाईक आलं नाही. त्याला गिऱ्हाईक हवं होतं.

मंडालेत 28 मार्च 2025 ला 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. इरावतीवरचा जुना आवा पूल कोसळला, हजारो माणसं गेली. बगानमधे लॅकरची, म्हणजे झाडाच्या चिकाचं रोगण दिलेली, भांडी करणारी कुटुंबं आहेत. बांबूच्या कामट्या, कधी घोड्याचे केसही, विणून वाटी करायची, तिच्यावर त्या चिकाचा एक थर द्यायचा, तळघरात वाळवायची, घासायची, पुन्हा थर द्यायचा. एक चांगला नग व्हायला महिने लागतात. ती वाटी जनरल विकत घेणार आहे का?

गुजरीवाला
मी व्यापारी माणूस, सरळ बोलतो. आपल्या पापडातला उडीद कुठनं येतो? आयात होणारा बहुतेक उडीद ब्रह्मदेशाचाच. 2021 मध्ये, म्हणजे लष्कर आल्यावर, आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला: पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. आमच्या पेठेत आजही गिऱ्हाईक येतं आणि बर्मी माणिकच पाहिजे म्हणून अडून बसतं. दागिन्यातलं माणिक चालतं, ताटातली डाळ चालते, आणि निवृत्त शिक्षकांनी बघायला गेलं की पाप? बहिष्कार घालायचा तर सगळ्यावर घाला.

राजारामपुरीकर
माणकाचं तुम्ही बरोबर बोललात, ते घेऊच नये. रत्नांच्या सरकारी कंपनीवर अमेरिकेनं 2021 मध्येच निर्बंध घातलेत. पण उडीद शेतकरी पिकवतो आणि सहल ही चैन आहे. दोन्हींना एकच माप कसं लावता? आणि पंचगंगाकाठ, पूर हा निसर्गाचा होता. आपल्याकडं पाणी ओसरलं. तिथलं ओसरलेलं नाही.

मीनल
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. हा प्रश्न तिथल्या लोकांनी स्वतः आधी हाताळलाय. 1990 च्या दशकात सू ची यांनी पर्यटकांना 'येऊ नका' असं सांगितलं होतं. 2011 मध्ये त्यांच्या पक्षानं भूमिका सैल केली: सुटा प्रवासी लोकांच्यात राहणार असेल, लोकांकडं खर्च करणार असेल तर यावं, मोठ्या गटांच्या पॅकेज सहली नकोत. कारण गट मोठ्या हॉटेलात उतरतो, आणि मोठ्या हॉटेलांमागं बऱ्याचदा लष्कराच्या मर्जीतले लोक असतात. त्या वेळी देश खुला होत होता तरी हे मत होतं. मंडळाची सहल नेमकी त्या दुसऱ्या प्रकारात बसते.

उचगावचा पैलवान
तत्त्वाचं राहू द्या, जिवाचं बघा की. आमच्या ओळखीतलं एक पोरगं थायलंडात कॉम्प्युटरची नोकरी म्हणून गेलं, तिथनं सीमेपार म्यावाडीला नेलं. पासपोर्ट काढून घेतला आणि फोनवरनं लोकांना फसवायच्या कामाला बसवलं. नाही म्हटलं की मार. मार्च 2025 ला हवाई दलाच्या विमानांनी असल्या पाचशेच्या वर पोरांना माघारी आणलं. आपल्या परराष्ट्र खात्यानं 2024 ला तिथल्या राखाईन प्रांतात जाऊ नका म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही साठीच्या माणसांना घेऊन चाललाय! विमा कोण देणार?

अण्णा मास्तर
पैलवान, म्यावाडी थाई सीमेवर आहे, मंडाले तिथून फार दूर. सगळ्या देशाला एकाच रंगात रंगवू नका. मी इतिहास शिकवला. लाला लजपतराय 1907 मध्ये मंडालेत होते, सुभाषबाबू 1925 ते 27 तिथं होते. आपल्या पिढीनं ते गाव पाहिलं नाही, तर पुढच्यांना सांगणार कोण? शिवाय परदेशी माणूस समोर असला की हुकूमशाहीलाही हात आखडावा लागतो.

मीनल
मास्तर, आदर राखून सांगते, हात आखडल्याचं दिसत नाही. माझी सूचना अशी: आंबा घाटानं रत्नागिरीला जा. 1885 मध्ये पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा 1916 मध्ये रत्नागिरीतच वारला, त्याची कबर आहे, 1910 मध्ये बांधलेला राजवाडा आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या कबरीवर येऊन गेले. उरलेले पैसे ब्रह्मदेशातून मिझोरममध्ये आलेल्या चिन जमातीच्या निर्वासितांसाठी पाठवा. 2021 च्या लष्करी बंडानंतर तीस हजारांवर माणसं तिथं आसऱ्याला आहेत.

पंचगंगाकाठ
रत्नागिरीला मी शंभरदा जाईन, पण त्यानं बगानच्या कारागिराची चूल पेटत नाही. मीनलताईंचा गटाचा मुद्दा मात्र मान्य. रविवारच्या बैठकीत मी दोन गोष्टी मागणार आहे: हॉटेलांची नावं आणि त्यांचे मालक आधी लेखी कळवावेत, आणि घरगुती गेस्टहाऊसात उतरतील एवढीच, सहा-आठ माणसं न्यावीत. टूरवाला हे करायला तयार नसेल तर मंडळाची सहल रद्द करा. माझं तिकीट मी वेगळं काढेन.

राजारामपुरीकर
बैठकीत मी विरोधातच मत देणार. मालकांची यादी मात्र मागाच. ती बघायची मलाही आहे.