सावंतवाडीची गंजिफा: उतारी कुणाची, एक्का मोठा की दहिला?

प्रश्न (तिघांचा_डाव): सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, 120 पानांचा दशावतारी संच आहे. तीन गोष्टींवर अडलंय. पहिली उतारी कुणाची, म्हणजे पहिलं पान कुणी टाकायचं? एक्का मोठा की दहा? आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात, त्यावर काय करावं?

चितारआळी: आधी मोजून घ्या. दहा अवतार म्हणजे दहा रंग (गट), प्रत्येकी 12 पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. 96 भरली तर तो आठ रंगांचा मोगली संच, त्याची चिन्हं वेगळी.

तिघांत 40-40 पानं वाटा. गोल पानं पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याची उतारी. दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा बघा.

एक्क्याचा घोळ सगळ्यांचाच होतो. राजा-प्रधान दहाही रंगांत वरच. त्याखाली पाच रंगांत दहा मोठा आणि उतरत एक्का शेवटी. उरलेल्या पाचांत एक्का मोठा, दहा सगळ्यांत खाली. कुठले पाच कसे, हे डावाआधी कागदावर लिहून मधे ठेवा, नाहीतर विसाव्या पानाला भांडण ठरलेलं!

पत्त्यांसारखा ठरलेला हुकमाचा रंग इथे नाही. त्या-त्या रंगात उरलेलं सगळ्यांत मोठं पान म्हणजे हुकूम. राजा पडला की प्रधान हुकूम. म्हणून काय पडलं ते लक्षात ठेवणं हाच खरा खेळ, नशीब थोडंच.

लाखेचा_डबा: चिकटण्याबद्दल. पानावर रंगाच्या वर लाखेचा हात असतो. कोकणातल्या दमट हवेत तो ओशट होतो, त्यात घामट बोटं. उन्हात वाळवू नका, पान वाकतं आणि वाकलेलं पान पालथं असलं तरी ओळखू येतं, डाव संपला. कोरड्या सुती फडक्याने पुसा, मधे पातळ कागद घालून डब्यात उभी, घट्ट ठेवा. चिकटलेलं पान नखाने उचकटायचं नाही, लाखेबरोबर रंगही निघतो. पंख्याखाली ठेवून कडेकडेने सरकवत सोडवा.

तिघांचा_डाव: आभार. तिथे गेल्यावर बनवताना बघायला मिळतं का?

चितारआळी: हो, मोती तलावाकाठच्या राजवाड्यात. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला तिथेच पुन्हा उभी केली. पांगाऱ्याची, आंब्याची लाकडी खेळणी आणि फळं हवीत तर गावातल्या चितारआळी नावाच्या आळीत.

कार्तिकानंतर गेलात तर आसपासच्या गावातली एखादी जत्रा गाठा, दशावतार हे लोकनाट्य तिथे रात्री उशिरा सुरू होतं. आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो. त्याची मालवणी बोलाचाली चुकवू नका. मत्स्याने मारलेला शंखासुर तो हाच. तुमच्या संचातला पहिला रंग त्या माशाचा.