मदत हवी आहे: मॅग्नेटारची खुंटी परत कोण पिळतं?

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, घरचा धंदा तंबोऱ्यांचा, आकाशाचं वेड कॉलेजपासूनचं. रविवारी वाचनालयात आठवी-नववीच्या पोरांना मॅग्नेटारबद्दल, म्हणजे अचाट चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल (मोठा तारा मेल्यावर उरणारा अतिदाट गोळा), सांगायचं कबूल करून बसलोय आणि एका जागी अडलोय.

सुरुवात ठरलीय. ५ मार्च १९७९. सोव्हिएत व्हेनेरा ११ आणि १२ या यानांवर गॅमा किरणांचा मारा झाला. पहिला झोत जेमतेम ०.२ सेकंदाचा, मग तीनेक मिनिटं विझत जाणारी धग, तीही दर ८ सेकंदांनी कमीजास्त होणारी. म्हणजे तारा गिरकी घेतोय! एरवीचा गॅमा स्फोट एकदा झाला की विषय संपला. हा त्याच जागेवरून पुन्हा चमकला. १९९२ मध्ये डंकन आणि थॉम्पसन या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं, की असल्या न्यूट्रॉन ताऱ्याची ऊर्जा त्याच्या अचाट चुंबकीय क्षेत्रातून येते.

दाखला दुकानातलाच घेतला. खुंटी पिळली की तार ताणते, घोडीवर (तारांखालच्या आधारावर) भार येतो, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) कच्ची असेल तर कडकन चीर जाते. तसं पोटातलं पिळलेलं क्षेत्र ताऱ्याचं कवच तडकवतं. रात्री जेवताना घरी म्हणून दाखवलं, तर वडील ताकाची वाटी खाली ठेवत म्हणाले, "तबली गेली की तारा उतरल्या. परत चढवायला माणूस लागतो. तुझ्या त्या ताऱ्यात कोण बसलंय?"

काय सांगू?

प्रतिसाद: वडिलांनी बरोबर नस पकडली. बाहेरून कुणी पिळत नाही, पीळ जन्माचाच. साठा अफाट, एका तडकण्यात थोडाच सुटतो. उरलेलं क्षेत्र हजारो वर्षं सरकत राहतं आणि कवचावर ताण पुन्हा चढतो. वेळापत्रक नाही: कधी काही तासांत स्फोटांची रांग, कधी वर्षानुवर्षं गप्प. मोठ्या स्फोटात कवच तडकतं की बाहेरच्या चुंबकीय रेषा तुटून नव्यानं जुळतात, यावर वाद आहे, तेही पोरांना सांगा. आणि खुंटीऐवजी सुंभ घ्या, जळला तरी पीळ जात नाही.

धागाकर्ता: सुंभ पटला. वडिलांचं पुढचं, "एवढ्या लांबच्याचं आपल्याला काय?" २७ डिसेंबर २००४ ला धनु राशीतल्या मॅग्नेटारनं हजारो प्रकाशवर्षांवरून आपल्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर हलवला होता, म्हटलं. "बरं," म्हणाले आणि गवसणी शिवायला बसले.