पार्किंगमधलं पावसाचं पाणी रामनदीत जातंय, काय करावं?

रामकाठ: आमची सोसायटी पुण्यात पाषाणला, रामनदीला लागूनच. पार्किंग सगळं काँक्रीटचं. वळवाच्या पहिल्या सरीला गाड्यांखालचं ऑइल, धूळ, गुटख्याच्या पुड्या असं सगळं वाहत गेटजवळच्या जाळीत जातं. गाड्या धुतल्याचा फेसही तिथंच. कमिटी म्हणते, हे पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं. खरं आहे का? फार खर्च न करता काय करता येईल?

ओढ्याकाठचा: नाही जात. सांडपाण्याचं ड्रेनेज वेगळं, पावसाळी गटार वेगळं. पावसाळी गटार कसलीही प्रक्रिया न होता जवळच्या ओढ्याला नाहीतर नदीला सोडलेलं असतं. कमिटीला आधी हे पटवा.

मी आंबिल ओढ्यापाशी राहतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढा वस्त्यांत शिरला, भिंती पडल्या, माणसं गेली. तेव्हापासून पाणी किती आणि किती वेगानं सोडतो, हेही मला घाणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 400 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिमी पडला की 20,000 लिटर झाले. सगळ्यांनीच ते एकदम ओढ्यात ढकललं तर ओढ्यानं जायचं कुठं?

गच्चीचं आणि पार्किंगचं पाणी एकत्र होऊ देऊ नका. गच्चीचं पाणी, पहिल्या सरी सोडून, फिल्टरमधून टाकीत घ्या. पार्किंगचं मात्र बोअरमध्ये अजिबात सोडू नका, ऑइल भूजलात जाईल. आम्ही ते बागेत वळवलं. बागेचा कठडा दोन जागी फोडला, वाफा पार्किंगपेक्षा वीतभर खाली घेतला, वाळू-माती-खत भरून कर्दळ आणि वाळा लावला. पाणी शिरतं तिथं दगडगोटे पसरलेत. गाळ तिथंच अडतो, मोठा पाऊस झाला की माळीदादा फावड्यानं काढतात. वाफा भरला की जास्तीचं पाणी जुन्या जाळीत जातं, ती वाट बुजवू नका.

मुरूममाती: आधी दीड फूट खड्डा खणून पाण्यानं भरून बघा. खाली मुरूम असेल तर मुरेल, काळा कातळ वर आलेला असेल तर तसंच साचेल. दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं नाही तर जागा बदला, डास होतील. आणि इमारतीच्या पायापासून लांब खणा.

रामकाठ: आणि ऑइलच्या डागांचं?

ओढ्याकाठचा: पाणी मारू नका. लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्या आणि घातक कचऱ्यात वेगळा द्या. गाड्या बादली-फडक्यानं पुसायला सांगा. मे संपायच्या आत जाळीतला गाळ काढून घ्या, आणि तो उचलून न्यायला लावा, नदीकाठी टाकू देऊ नका.