सासूबाईंचे गुडघे: चालू द्यावं की बसवून ठेवावं? सल्ला हवाय

भुईचाफा:
नमस्कार मंडळी, सासूबाई ६६ वर्षांच्या, आम्ही डोंबिवलीला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन्ही गुडघ्यांची झीज, एक्स-रेत ग्रेड ३ (झीज ० ते ४ मध्ये मोजतात) आलंय, उजवा जास्त. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, चालत राहा, पण किती नि कसं ते काही बोलले नाहीत आणि इकडे शेजारच्या काकूंनी डोक्यात भरवलंय की जितकं चालाल तितकं उरलेलं वंगण पण संपेल. झालं, भाजी बंद, देऊळ बंद, दिवसभर दिवाणावर टीव्हीसमोर. दुखणं तर कमी झालं नाहीच, उलट आता उठताना हात द्यावा लागतो. चालू द्यावं का? बूट कुठले? नी कॅपचा उपयोग होतो का? प्लीज सांगा.

टिकलू:
अगं सेम आमच्याकडे, आईचं. पहिलं काम म्हणजे घरातल्या त्या पातळ रबरी स्लीपर फेकून दे, चांगला आधार देणारे, सहज न वाकणारे स्पोर्ट शूज आण, टाच सपाट हवी. आणि भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आण. आईचा निम्मा त्रास तिथेच होता. भाजी निवडायला पण पाटावर नाही, डायनिंगच्या खुर्चीवर.

पर्वतीकर:
मी ७१. पूर्वी रोज पर्वती चढायचो, आता सारसबागेत सपाटीवर फिरतो. उतरताना जास्त दुखतं हे कुणी सांगत नाही. रात्री कोमट तिळाचं तेल चोळतो, बरं वाटतं.

हाडाची_फिजिओ:
काका, तेलाने बरं वाटत असेल तर जरूर चोळा, झीज भरून येणार नाही एवढंच.
भुईचाफा, त्या शेजारच्या काकूंना चहाला बोलव आणि सांग की चालल्याने गुडघा संपत नाही. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी सांधा हलायला लागतो. बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, मग सगळा भार सांध्यावर. तुला उठताना हात द्यावा लागतोय तो बहुतेक त्यामुळेच. ग्रेडचं पण फार मनावर घेऊ नकोस, ग्रेड ३ असून मजेत फिरणारी माणसं मी रोज बघते आणि ग्रेड २ वाली रडणारी पण. एक्स-रेत हाडं दिसतात, माणूस काय काय करू शकतो ते दिसत नाही.
किती चालायचं? अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या किंवा तिचा धोका असलेल्या सुमारे १८०० लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवून २०१४ साली एक अभ्यास आला, त्यात दिवसाला ६००० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांचं चालणं-फिरणं पुढे कमी बिघडलं. ते लगेच गाठायचं नाही हां! आधी ३००० पर्यंत या, तेही एका दमात नको, सकाळी दहा मिनिटं, दुपारी दहा, संध्याकाळी दहा, घरातल्या घरात पण चालेल. चालताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत नेहमीच्या पातळीवर यायला हवं, नाही आलं तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करायचं, बंद नाही करायचं.
नुसतं चालणं पण पुरत नाही. खुर्चीवरून हात छातीशी धरून उठ-बस, शेजारी कुणीतरी उभं हवं. तीस सेकंदात किती वेळा होते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, दुखलं किती यापेक्षा हा आकडा बघा. आत्ता हाताशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.
नी कॅप बाहेर जाताना घाला, आधार वाटतो, दिवसभर नको. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. बीपी किंवा किडनीचं काही असेल तर पेनकिलर मनाने नको, डायक्लोफेनॅकचं जेल चालतं का ते डॉक्टरांना विचारा. गुडघा लाल, गरम, एकदम सुजला किंवा ताप आला तर वाट न बघता दाखवायचं.

भुईचाफा:
खूप खूप धन्यवाद गं, हे सगळं प्रिंट काढून फ्रीजवर लावते. पण तीन मजल्यांचं काय करू? खाली उतरल्याशिवाय चालणार कुठे?

हाडाची_फिजिओ:
चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. एका हाताने कठडा, प्रत्येक मजल्यावर थांबायचं, जमलं तर तिथे एक स्टूल ठेवा. सुरुवातीला दिवसातून एकदाच खाली. आणि काठी डाव्या हातात, उजवा गुडघा जास्त दुखतोय ना, दुखऱ्या बाजूच्या उलट्या हातात धरतात.

टिकलू:
काठीला तयार होतील का पण? आईने दोन महिने कपाटामागे लपवून ठेवली होती 😂

पर्वतीकर:
लांब छत्री द्या हातात, पावसाळा आहे, कुणाला कळणार पण नाही.

हाडाची_फिजिओ:
काका नको हो, छत्रीचं टोक ओल्या फरशीवर सटकतं! खाली रबर असलेली काठीच घ्या, आणि मूठ मनगटाच्या उंचीला येईल अशी बघून घ्या.