‘अवलिया’ हा शब्द काही दिवस बंद ठेवावा का?

आडवाट: आमच्या चौकात दोन फ्लेक्स शेजारी-शेजारी लागलेत. एकावर निवृत्त मास्तरांना श्रद्धांजली, दुसऱ्यावर नगरसेवकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा. दोघंही ‘अवलिया व्यक्तिमत्त्व’! मास्तर रस्त्यातले खड्डे मोजून पालिकेला पोस्टकार्डं टाकायचे, तेव्हा हीच मंडळी त्यांना चक्रम म्हणायची. एकदा अवलिया ठरवलं की माणसाचं ऐकून घ्यायची गरज उरत नाही. कौतुक करा नि सुटा.

जुनं_खोड: नगरसेवकाचं सोडा हो, फ्लेक्सवर काय वाट्टेल ते छापतात. शब्दाचा काय दोष? अरबीत ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या जवळचा, औलिया हे त्याचं अनेकवचन. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, तोच शब्द. शेगावच्या गजानन महाराजांनाही भक्त अवलिया म्हणतात. लौकिकाची पर्वा नाही, पण आत काहीतरी आहे, असा माणूस. ‘विक्षिप्त’मध्ये ही माया कुठाय?

आडवाट: मायाच नडते ना! र. धों. कर्वे घ्या. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, या कामापायी प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वर अश्लीलतेचे खटले. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं ते मुद्दा पटला म्हणून, गंमतीदार वल्ली म्हणून नव्हे.

ठसका: बाई कधी अवलिया असते का हो? याच र. धों.ची भावजय इरावतीबाई पुण्यात स्कूटर चालवायच्या. दुर्गाबाई भागवत १९७५ ला कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेही यशवंतराव चव्हाणांसमोर. अवलिया म्हटलेलं ऐकलंय कुणाला?

जुनं_खोड: दुर्गाबाईंना ‘करारी’ म्हणतात. ते काय कमी आहे?

ठसका: करारी बाईला लोक टरकून असतात, लाड कुणी करत नाही. अवलियाला सगळं माफ! उधारी, विसरभोळेपणा, न सांगता चार दिवस गायब होणं. तेवढ्यात दूधवाल्याचं बिल कोण भागवतं?

जुनं_खोड: हे मात्र खरं. तरी शब्द बंद करून बिल भागणार नाही, ताई.

चहाबाज: आमच्या सासऱ्यांना अख्खी पेठ अवलिया म्हणते. सासूबाईंचा शब्द वेगळा आहे. इथे लिहिला तर धागा उडेल.